कॅन्टीनमागचं खाचर

परंदवडीजवळच्या एका कारखान्यात मी यंत्रं तपासायच्या कामाला होतो. भातातलं तण काढायचं, हाताने ढकलायचं यंत्र आम्ही बनवायचो. नवं यंत्र तयार झालं की ते घेऊन मी आंदर मावळात मावशीकडे जायचो. पावसाळाभर ती आणि वाडीतल्या बाया ते खाचरात चालवायच्या, आणि शेवटी मावशी एखादंच वाक्य बोलायची. "चाकात गवत गुततंय रं." मग साहेब चाक बदलायचे आणि मी फॉर्मवर 'शेतचाचणी पूर्ण' लिहून सही करायचो.

एकदा बातमी आली की दुसरी एक कंपनी इंजिनवालं यंत्र आणतेय, तेही याच हंगामात. भाताचा हंगाम वर्षातून एकदा. तो हुकला की दुकानदार वर्षभर त्यांचंच यंत्र मांडून बसणार. साहेब म्हणाले, "पावसाची वाट बघायला आपण काय बेडूक आहोत?" आम्हीही आमच्या यंत्राला इंजिन बसवलं, भर उन्हाळ्यात कॅन्टीनमागे माती टाकली, टँकरने पाणी सोडलं आणि तीन दिवसांत चाचणी उरकली. यंत्र चालवलं आम्ही चार पुरुषांनी, गमबूट घालून. झकास चाललं. मी सही केली.

बाजारात आम्ही पहिले आलो. पेढे वाटले. दुसऱ्या कंपनीने घाईघाईत आमचंच यंत्र समोर ठेवून आपलं बनवलं. त्यांनी चाचणीचा चिखलसुद्धा वाचवला.

माझ्या शब्दावर मावशीने बायांना वर्गणी काढून एक यंत्र घ्यायला लावलं. श्रावणात तिचा फोन आला, "येऊन जा."

तक्रारीचा फॉर्म घेऊन गेलो. बाया ओणव्या होऊन हाताने तण काढत होत्या. यंत्र बांधावर, पोत्याखाली.

"काय बिघडलंय, मावशी?"

"कायबी न्हाई. दांडा आमच्या गळ्यापातुर येतोय. तुला बराबर बसंल. चालीव."

मला वाटलं, थट्टा करतेय. तिने पोतं काढलं. बाया बांधावर जाऊन बसल्या. मी पँट दुमडून उतरलो.

यंत्र खरंच उत्तम चालत होतं. चहा आला, पण मला कुणी थांब म्हणालं नाही. "भाचा कामाचा हाय," एक बाई म्हणाली. मावशी नुसतं "व्हय" म्हणाली. वाडीत तिच्या शब्दाला मान होता, आणि त्या दिवशी ती कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवस मावळायच्या आत सगळी खाचरं झाली. शेतचाचणी पूर्ण. सही तेवढी मी आधीच केली होती.