पेटीतला खडा

माझी थोरली वहिनी बाहुल्यांचे कपडे शिवते. तोंडात टाचण्या धरूनच बोलते, म्हणून स्टुडिओत तिला सगळे टाचणी म्हणतात. मला लिहायची सवय नाही. चुकलं तर तीच सांगेल, आणि ते गोड शब्दांत नसेल.

माणकाच्या चोरीवरचा विनोदी बाहुलीपट चालला होता. शेवटी जाडा फौजदार दागिन्यांची पेटी उघडतो, आत माणकाऐवजी रस्त्यावरचा खडा निघतो आणि चक्कर येऊन तो कपाटावर आदळतो. कागदी कपाट एकदाच कोसळणार होतं. ते करायला महिना गेला होता. चित्रपटाच्या शेवटच्या पाटीवर आपलं नाव यावं, एवढीच वहिनीची हाव. बावीस वर्षांत ते कधी आलं नव्हतं. या वेळी दिग्दर्शकांनी कबूल केलं होतं.

सामानाच्या चिठ्ठ्या मी लिहायचो, वहिनी त्याप्रमाणे सामान मांडायची; गोष्ट तिला कुणी सांगत नसे. मी लिहिलं, 'पेटीत खडा ठेवणे.' वहिनीने अंगठीत शोभेल असा लालभडक काचेचा खडा ठेवला.

टेबलाखालून बाहुली नाचवणाऱ्याला काही दिसत नव्हतं. पेटी उघडली, माणिक लखलखलं, फौजदार कोसळला आणि कपाटही.

"टाचणी, डोळे आहेत की बटणं शिवलीत?" दिग्दर्शक कडाडले.

"बटणं तुमच्या फौजदाराला. माल सापडला तरी चक्कर येते त्याला!"

"पाटीवरचं नाव विसर आता."

चिठ्ठी तिच्या पदराला टाचलेली होती. ती तिने काढली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी दोरा गुंडाळत बसलो.

घरी तिने माझ्यापुढे ताट आपटलं. "सगळे माझ्या नावाने खडे फोडतायत, भावजी. तुम्हाला कुठला हवा होता?"

"चिठ्ठी दाखवायची होती, वहिनी."

"तुमचं तोंड उघडतंय का, ते बघत होते."

सकाळी मी दिग्दर्शकांना खरं सांगितलं.

"काल जीभ गिळली होती का?" ते म्हणाले. "तिचं नाव राहील. तुम्ही उद्यापासून येऊ नका."

वहिनीला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उपकार नाही केलेत."

चित्रपट बघायला ती दोन खुर्च्या सोडून बसली. नाव आलं आणि गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

ती चिठ्ठी आता स्वयंपाकघरात, माझ्या जेवायच्या जागेसमोर भिंतीला टाचलेली आहे. 'खडा' या शब्दाखाली तिने लाल दोऱ्याची टीप घातली आहे. बारीक, सरळ, उसवणार नाही अशी.