रेघेपुढची जागा

ग्रंथालयात तिला सगळे जन्मसालबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. तिचं कामच तसं होतं. एकाच नावाचे दोन लेखक निघाले की त्यांची पुस्तकं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून यादीत नावापुढे जन्मसाल घालायचं, मग एक आडवी रेघ, आणि लेखक वारला की रेघेपुढे ते साल. एखादं साल सापडेना तर बाईला जेवण गोड लागत नसे. भावजय वैतागून म्हणे, "वन्सं, पाहुण्यांना आधी पाणी तरी विचारा, मग साल!"

दर शनिवारी एक मावशी यायच्या. निवृत्त नर्स. त्यांचा मुलगा भांडून घरातून निघून गेला, त्याला बरीच वर्षं लोटली होती. ना पत्र, ना फोन. जाण्याआधी त्याचं कवितांचं एक पातळसं पुस्तक निघालं होतं, तेवढंच. पुढे जुनी कार्डं संगणकावर चढवताना कुणा शहाण्याने त्या नावाच्या सगळ्या पुस्तकांची एकच मोट बांधली, आणि मावशींना पडद्यावर मुलाच्या नावाखाली आणखी पुस्तकं दिसली. नद्यांवर, झाडांवर, एक तर चक्क मधमाश्यांवर. त्यांच्या जिवात जीव आला. पुस्तकं निघताहेत म्हणजे पोरगा कुठेतरी धडधाकट आहे, असा त्यांचा सरळ हिशेब.

"साधा डास चावला तर घर डोक्यावर घ्यायचा," त्या हसत सांगायच्या, "आणि आता मधमाश्यांवर लिहितोय! नवीन आलं की मला आधी सांगा हं."

नवीन आलं. या खेपेला मागच्या बाजूला लेखकाचा फोटो होता, खाली जन्मसाल. माणूस मावशींच्याच वयाचा! बाईने पुस्तक टेबलाच्या खणात ढकललं. तिथेच राहिलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण आज ना उद्या मावशी हा फोटो एखाद्या दुकानात बघणार, अनोळखी माणसांत, एकट्या. ते बाईला सोसवेना. तिने यादीत दोघांना वेगळं केलं आणि शनिवारी मावशींना आपल्या शेजारी खुर्ची दिली.

मावशी फोटोकडे बघतच राहिल्या. "हे कोण?"

"बाकीची सगळी पुस्तकं यांची आहेत, मावशी. तुमच्या मुलाचं ते एकच."

मावशी रडल्या नाहीत. पिशवीतून मधमाश्यांचं पुस्तक काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"तरीच," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराला मधमाश्यांतलं काय कळतंय!"

उठता उठता त्यांनी पडद्यावर मुलाच्या नावापुढे बोट टेकवलं. "आणि ही रेघ कसली?"

"त्यापुढची जागा... माणूस असेपर्यंत आम्ही रिकामी ठेवतो."

मावशी अजून शनिवारी येतात. पुस्तक नेत नाहीत. टेबलाशी थांबून एवढंच विचारतात, "रिकामीच आहे ना?"

"रिकामीच आहे, मावशी."

त्या मान हलवतात आणि जिना उतरून जातात. सालांच्या मागे जन्मभर हात धुऊन लागलेल्या बाईला मग एकच वाटत राहतं: हे एक साल आपल्याला कधीच मिळू नये.