आधी वाजवायची, मग मोडायची

जिथे बनवलेला माल मोडून बघतात, तिथे किस्से साठतात. घरी ऐकणारं कोणी नाही, म्हणून लिहितो.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. मशीन सिरॅमिकच्या लगद्याचे थर एकावर एक चढवून प्लेट छापतं. मी ती भट्टीत भाजतो. मग ती बुलेटप्रूफ जॅकेटात बसते. माझं शिक्षण चौथी. आधीची सगळी वर्षं कौलांच्या भट्टीवर गेली.

पहिल्याच आठवड्यात तपासणीच्या मॅडमनी माझी तीन दिवस भाजलेली प्लेट दाबाच्या मशीनमध्ये घालून मोडली. मी विचारलं, "मोडायचीच होती तर भाजली कशाला?"

"तात्या, इथं मोडली तर आपल्याला कळतं. जवानाच्या छातीवर मोडली तर कुणाला विचारायचं?"

मी पुढची प्लेट भाजायला घेतली.

*

भट्टीतून निघालेली प्लेट मी किल्लीने वाजवतो. चांगली असली तर खणखणते. आत थर सुटला असेल तर आवाज बसका येतो. इंजिनिअर पोरं हसली. मी एका प्लेटवर खडूने फुली मारली. एक्स-रेत भेग निघाली!

तेव्हापासून मी खडूने बरोबरची खूण केल्याशिवाय प्लेट पुढे जात नाही. कान गेले, तर मला इथे ठेवायचं कारणही गेलं.

*

एका दिवाळीत साहेबांनी घाई करून भट्टी गरम असतानाच उघडली. सगळ्या प्लेटा तडकल्या. पुढच्या दिवाळीला भट्टी निवेपर्यंत मी तिथून हललो नाही. साहेब सगळ्यांना म्हणाले, "निष्ठा शिका तात्यांकडून."

घरी नुसतं कुलूप होतं, हे मी सांगितलं नाही.

*

पोरं डबा खायला बोलवतात. मी भट्टीजवळ एकटा जेवतो. अलीकडे त्यांचे विनोद मला नीट ऐकू येत नाहीत, आणि सगळे हसले म्हणून हसणं मला जमत नाही. पोरं म्हणतात, तात्या कडक आहेत. म्हणू देत.

*

मागच्या महिन्यात मी पास केलेली प्लेट दाबाच्या मशीनवर निम्म्या जोरातच मोडली. थर सुटलेला होता. दुसऱ्या दिवशी मॅडम नवी प्लेट घेऊन माझ्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. मोठ्याने म्हणाल्या, "तात्या, ही कशी वाटते?"

"खणखणीत."

"मी अजून वाजवलीच नाही."

मी खडू टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून माझ्या उजव्या हातात दिला. डावा हात धरून प्लेटवर टेकवला. मग किल्लीने वाजवली. प्लेटची थरथर तळहाताखाली लगेच विझली.

"भेग आहे," मी म्हणालो.