भिंगबाईंची खोटी टिक

टॉवरच्या एकशे बारा पायऱ्या चढून भिंगबाई वर पोहोचल्या की कंट्रोलर मंडळी आधी हेडफोन, मग केस आणि मग चेहरे सारखे करत. बाई हवाई वाहतूक नियंत्रणाच्या सुरक्षा निरीक्षक. विमानांना वाट दाखवणारे स्वतः वाट चुकत नाहीत ना, हे बघणं त्यांचं काम. कंट्रोलरच्याच खुर्चीत बसून त्यांनी एकोणीस वर्षं विमानं उतरवली होती, त्यामुळे त्यांना थापा मारण्यात अर्थ नव्हता. कोणाच्या खुर्चीचं चाक अडकतं, कोण चहाचा कप रेडिओच्या बटणांशेजारी ठेवतं, सगळं दिसायचं त्यांना. त्यात नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. 'भिंगबाई' हे नाव पडायला कितीसा वेळ लागणार? ते कानावर आलं तेव्हा बाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "नशीब माझं, दुर्बीणबाई नाही म्हणालात!"

बाईंचा एक हट्ट होता. विश्रांतीच्या खोलीबाहेर त्यांनी पत्र्याची एक पेटी ठोकून घेतली होती. कामावर आपल्या हातून काही चुकलं, कोणी पाहिलं नाही, काही बिघडलंही नाही, तरी ते कागदावर लिहून त्या पेटीत टाकायचं. शिक्षा नाही, बोलणी नाहीत. एकाची चूक सगळ्यांना कळावी आणि पुन्हा कोणाकडून ती होऊ नये, एवढाच हेतू. दोन वर्षं झाली, पेटीत एक चिठ्ठी म्हणून पडली नव्हती. एकदा कागद निघाला तो बिस्किटाच्या पुड्याचा.

टॉवरप्रमुखांना याचं भारी कौतुक. माणूस मनाने चांगला, पण मिरवायची हौस दांडगी. त्यांनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'दोन वर्षांत शून्य चुका.'

"शून्य चुका नाहीत हो साहेब, शून्य कागद," बाई म्हणायच्या. "माणसंच बसलीत ना इथे? मग चुकत असणारच. सगळे मूग गिळून बसलेत."

"तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही," साहेब हसून म्हणायचे, आणि तो विषय तिथेच राहायचा.

एके दिवशी जेवताना नवऱ्याने दुकानातला किस्सा सांगितला. "अगं, एक गिऱ्हाईक आलं होतं, कालच घेतलेला गडद चष्मा परत करायला. म्हणे, यातून हिरवा सिग्नल पांढराच दिसतो! मी म्हटलं, काका, उन्हाचा चष्मा घालून संध्याकाळी गाडी चालवली तर चष्म्याने काय करायचं?"

नवरा आपल्याच विनोदावर हसत राहिला. बाईंचा घास मात्र हातातच राहिला.

टॉवरमध्ये एक सिग्नल दिवा होता. छताला टांगलेला, हाताने धरून विमानाकडे रोखायचा. रेडिओ बंद पडला तर तोच शेवटचा आधार. हिरवा म्हणजे उतर, लाल म्हणजे उतरू नकोस. अकरा वर्षांत त्याची गरज पडली नव्हती. दोन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत बाईंनी यादीत टिक केली होती, 'दिवा धावपट्टीच्या टोकावरून पाहिला, सर्व रंग स्पष्ट.' आणि त्या टोकाला त्या गेल्याच नव्हत्या! ऊन मी म्हणत होतं, जीप वेळेवर आली नव्हती. टॉवरमध्ये उभ्या राहूनच त्यांनी 'लागतोय की' म्हणत टिक ओढली होती. आणि त्याच्या आठवडाभर आधीच ऊन अडवायला टॉवरच्या काचांना गडद फिल्म लागली होती.

"अहो, तुमचं ते गिऱ्हाईक शहाणं आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

सकाळी पहिलं विमान यायच्या आत त्या जीपमधून धावपट्टीच्या टोकाला गेल्या आणि तिथून वर फोन लावला.

"हिरवा लावा."

"लावलाय."

"अहो, हिरवा लावा!"

"कधीचा लावलाय मॅडम, हात भरून आला माझा!"

बाई बघत राहिल्या. काचेतून येत होता तो एक फिकट, पांढुरका ठिपका. रेडिओ बंद पडलेल्या वैमानिकाने त्यातून काय समजायचं? गेले दोन महिने इथे जे विमान उतरलं, ते या खोट्या टिकेच्या भरवशावर उतरलं होतं.

टॉवरप्रमुखांनी ऐकलं आणि लगेच तोडगा काढला. "दुपारपर्यंत फिल्म खरवडून टाकतो. तुम्ही पुन्हा बघा, पुन्हा टिक करा. कोणाला काय कळणार आहे?"

खरंच कोणाला कळणार नव्हतं. आणि कळलं, तर तपासणीचा अधिकार जाणार होता. सव्वीस वर्षांत मिळवलेलं नाव जाणार होतं. बाई पायऱ्यांवर बसल्या. समोर ती पत्र्याची पेटी. दोन वर्षं आपण लोकांना सांगतोय, लिहा, घाबरू नका. आणि आज स्वतःवर वेळ आली तर? त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि ती वाटली म्हणून थोडं बरंही वाटलं.

दुपारच्या बैठकीत त्यांनी स्वतः लिहिलेला कागद उभ्याने वाचला. "मी दिवा टोकावरून पाहिला नव्हता. पाहिला असं लिहिलं. ऊन होतं, पण ते कारण होऊ शकत नाही." कागद पेटीत गेला, त्याची प्रत मुख्य कार्यालयात, आणि काचांवरची फिल्म त्याच दुपारी खरवडली गेली.

तिकडून आठवड्यात उत्तर आलं. सहा आठवडे तपासणी बंद, पुन्हा प्रशिक्षण. शिकवायला कोण, तर बाईंनीच एके काळी तयार केलेली विद्यार्थिनी. तिने पहिल्याच दिवशी बाईंना उन्हात दीड तास उभं केलं आणि विचारलं, "आता कोणता रंग दिसतो, मॅडम?" बाईंना हसू आवरेना. इतकं मनापासून त्या कित्येक वर्षांत शिकल्या नव्हत्या.

पण एक काळजी पोखरत होती. टॉवरवाले काय म्हणत असतील? 'लिहिलं ना, मग भोगा!' पेटीवर आता कायमची धूळ बसणार, असं त्यांना वाटलं.

सहा आठवड्यांनी त्या परत आल्या. पायऱ्या चढताना मध्येच धाप लागून थांबल्या, तर वरून दुपारच्या पाळीच्या कंट्रोलरताई उतरून आल्या. या ताई कधी उशिरा आल्या नाहीत की कधी कामापलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी घडी घातलेला कागद पुढे केला.

"पेटीतच टाकणार होते," ताई म्हणाल्या. "पण तुमच्या हातात द्यावासा वाटला."

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या वाचला. 'गेल्या मंगळवारी पावणेतीन वाजता माइकसमोर माझा डोळा लागला. वैमानिकाने हाक मारली, मी सात सेकंदांनी उत्तर दिलं. रेकॉर्डिंग ऐकून मोजले. त्याला वाटलं, मी कामात आहे. पहाटे उठून घरचं सगळं आवरते, दुपारी सलग तीन तास बसते. हे पहिल्यांदा झालेलं नाही.'

"शिकताना फार हाल केले का हो तुमचे?" ताईंनी हळूच विचारलं.

"अगं, मजा आली मजा! ऊन तेवढं लागलं." आणि बाईंनी त्यांना तिथेच पायरीवर मिठी मारली. कोणी आपली झोप कबूल करतंय आणि निरीक्षक बाई आनंदाने रडतायत, असं दृश्य त्या जिन्याने पाहिलं नव्हतं. "शाब्बास माझी बाई! किती दिवस पोटात ठेवलंस गं हे?"

टॉवरप्रमुखांनी कागद दोनदा वाचला. त्यांचा चेहरा पडला. "ताई, एका शब्दाने बोलायचंत ना मला."

"फळ्यावर शून्य लिहिलंय ना, साहेब," ताई म्हणाल्या. "माझ्यामुळे ते पुसलं गेलं असतं."

साहेबांनी खुर्ची ओढून पाळ्यांचा तक्ता पुढ्यात घेतला आणि बाईंना शेजारी बसवून पेन्सिलीने खाडाखोड करू लागले. सलग तीन तास गेले, दीड तास आले. दुपारी वीस मिनिटांची झोप आली, ताईंसाठीच नाही, सगळ्यांसाठी. त्या वेळात ताईंच्या जागी कोण बसणार, या रकान्यात साहेबांनी स्वतःचं पद लिहिलं.

त्या आठवड्यात आणखी चार कागद आले. एक साहेबांचा होता, न विचारता फिल्म लावल्याचा.

पुढच्या मंगळवारी पावणेतीनला बाई वर आल्या, तेव्हा साहेब हेडफोन लावून माइकसमोर ताठ बसले होते. समोर एक विमान धावपट्टीवर टेकत होतं. बाईंनी नेहमीच्या खणखणीत आवाजात "नमस्कार" म्हणायला तोंड उघडलं, तोच साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि विश्रांतीच्या खोलीकडे मान वळवली.

"हळू हो," ते कुजबुजले. "ताई झोपल्यात."