पारनेरच्या आक्कांची कॉइल

आक्का तारेकडे बघायच्याच नाहीत. माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते तिथेच. केसाहून बारीक तांब्याची तार त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्या-बोटातून सळसळत जायची, डावा हात मशीनचं चाक फिरवायचा आणि डोळे रस्त्यावर. कुणाच्या टेम्पोत कुणाची मोटर आली, कोण चहा न पिता निघालाय, सगळ्यावर लक्ष. मध्येच हाक मारून एखाद्याला झापायच्याही. "आरं, बोअरमधी पानी न्हाई आन् मोटर चालू ठिवून झोपतूस व्हय? जळंल न्हाई तर काय व्हईल?" एवढं सगळं करून त्यांची तार तुटायची नाही. मी भिंग लावून, पंखा बंद करून, श्वास रोखून बसलो तरी माझी तुटायची.

माझं दुकान नगरला, दिल्ली दरवाजाच्या अलीकडे. वडील बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे, मी गिटारकडे वळलो. शिकवणारा कुणी नव्हता. पुण्याचा एक हत्यारवाला होता, त्याच्याकडून कानशी आणि तारा मागवायचो. प्रत्येक पार्सलमध्ये एक पिवळी चिठ्ठी यायची आणि तिच्यावर एक टीप. गिटारच्या तारेची खाच जास्त खोल कापली गेली तर तिच्यात खाण्याचा सोडा भरा, वर झटपट गोंदाचा थेंब सोडा, दगडासारखं घट्ट होतं. लाकडाला पोचा पडला तर ओलं फडकं ठेवून वरून तापलेली इस्त्री टेकवा, लाकूड फुगून वर येतं. माझी सगळी विद्या ही अशी, हत्यारं विकणाऱ्याने फुकट दिलेली. पुढे त्याच टिपा मोबाईलवर यायला लागल्या, पण पार्सलमधली चिठ्ठी त्याने सोडली नाही. चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ असायची: तुमचीही टीप कळवा, आवडली तर नावासकट छापू. मी कळवत होतो. वर्षानुवर्षं कळवत होतो. एकही छापून आली नाही. त्या पिवळ्या कागदावर एकदा आपलं नाव यावं, एवढंच मला हवं होतं. हसू नका. ज्याला गुरूच नाही, त्याने शाबासकी मागायची कुणाकडे?

आक्कांची गाठ पडली ती आमच्या चर्चच्या गिटारमुळे. तिचा पिकअप मेला. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला डबीएवढा तुकडा. आत लोहचुंबक असतं आणि त्याभोवती त्या बारीक तारेचे हजारो वेढे, त्यालाच कॉइल म्हणायचं. तार आतून कुठे तुटली की गिटार मुकी. मेलेली कॉइल नव्याने कशी गुंडाळायची, याची टीप माझ्याकडे होती, पण टीप हातात आहे म्हणून हात थोडाच वळतो? माझी तार तुटतच राहिली. शेवटी तांब्याची तार विकणारा दुकानदारच कंटाळला. म्हणाला, "पारनेरला जा. स्टँडच्या मागं एक बाई जळक्या मोटरींत नवी तार भरते. तिच्या हातची तार तुटत नाही."

गेलो. पत्र्याचं दुकान, बाहेर विहिरीतल्या मोटरी उघड्या पडलेल्या, आत कपाळभर कुंकू लावलेली पन्नाशीची बाई. नवरा गेल्यावर तिने कुंकू पुसलं नव्हतं, त्याचा धंदा चालवला होता आणि वाढवलाही होता. मी पिकअप पुढे ठेवला, चिठ्ठी दिली. आक्कांनी ती मोठ्याने वाचली, पिकअप नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "हे तर आमचंच काम हाय की. मोटर जरा बुटकी हाय, एवढंच." माझं नाव डॅनियल. त्याचं त्यांनी तिथल्या तिथे दानूभाऊ करून टाकलं आणि कामाला लागल्या. त्यांचं मशीन म्हणजे एका फळीवर ठोकलेलं जुन्या शिलाई मशीनचं चाक. माझा चहा संपायच्या आत कॉइल तयार होती.

रविवारी ती गिटार वाजली आणि चर्चमधल्या माना वळल्या. आवाज भरलेला, गोल, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. गायनमंडळाचे मास्तर माझ्याकडे धावत आले. "डॅनियल, काय केलंस रे हे?" इथे माझी जीभ आवरायला हवी होती. पण देवाच्या घरात उभा होतो, खरं बोललो. म्हटलं, पारनेरच्या एका बाईंनी केलंय. झालं. पुढच्या खेपेला मास्तर दुसरी गिटार घेऊन माझ्या दुकानावरून गेले, थांबले नाहीत, थेट पारनेरची एसटी धरली.

तेव्हापासून मी आक्कांना पाण्यात पाहू लागलो. दहा आज्ञांतली शेवटची आज्ञा शेजाऱ्याच्या कशाचाच लोभ धरू नको म्हणते. पण पारनेर काही नगरच्या शेजारी नाही, असं मी मनाला समजावायचो.

बरं, तोंडावर तोडून टाकावं तर तेही जमेना. कारण जळत जळत मीच दर पंधरवड्याला पारनेरला जायचो. काही ना काही काम काढायचो. नव्या टिपा घेऊन जायचो, कारण त्या वाचल्या की आक्का काय म्हणतात, ते ऐकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. आक्कांना लाज हा प्रकारच माहीत नव्हता. मी शंका आली की आठवडाभर मनात घोळवायचो, हत्यारवाल्याला विचारलं तर तो काय म्हणेल म्हणून. आक्का माझ्यासमोर चिठ्ठीवरचा नंबर फिरवायच्या. "हॅलो, मी पारनेरवरून आक्का बोलतीय. तुमी लिवलंय कॉइल मेणात बुडवा. मेण कंचं? कुंकवाखाली लावायचं की मेणबत्तीचं?" तो माणूस पलीकडे हसायचा आणि सगळं नीट सांगायचा. मधाच्या पोळ्याचं थोडं, मेणबत्तीचं जास्त, आणि भांडं थेट गॅसवर नाही, उकळत्या पाण्यात ठेवायचं. मी इतकी वर्षं त्याचं गिऱ्हाईक, माझ्याशी तो दोन वाक्यं बोलला नव्हता.

फुशारकीही तशीच उघडी. "मला यायचं न्हाई असं काय हाय, सांग बरं," असं त्या भर गिऱ्हाइकांत विचारायच्या. कुणी गमतीने म्हणालं, विमान, तर म्हणायच्या, "आनलंय का कुनी आजवर भरायला?" लोक हसायचे. मीही हसायचो, पण सगळ्यांच्या मागून.

आणि मग एकदा आक्का चुकल्या. मोटर भरून झाली की तिच्या कॉइलला वॉर्निश पाजतात आणि उन्हात कडक होऊ देतात. पारनेरच्या उन्हात ते असं वाळतं की छिन्नीनेही निघत नाही. मेण वितळवत बसायचा आक्कांना आला कंटाळा. त्यांनी मास्तरांच्या दुसऱ्या गिटारचा पिकअप सरळ मोटरच्या वॉर्निशात बुडवला आणि दुकानाच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवून दिला. संध्याकाळी उतरवला तर प्लास्टिकची डबी पापडासारखी वाकडी, आत सगळं चिकटून एकच दगड. मला हे फोनवर कळलं. तुम्हाला काय सांगू, त्या दिवशी मी घरी जिलेबी नेली. बायकोने विचारलं, "आज काय?" म्हटलं, "काही नाही, खावीशी वाटली."

जिलेबीची गोडी जिभेवर होती तोवर पुढचं पार्सल आलं. पिवळी चिठ्ठी उघडली. मोटरचं वॉर्निश पिकअपला कधीही पाजू नका आणि पत्र्यावर वाळवू तर मुळीच नका, पापड होतो. खाली नाव: आक्का, पारनेर. बाईने स्वतःच फोन करून, हसत हसत, आपली फजिती त्याला सांगितली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी इतकी वर्षं अक्कल पाठवत होतो आणि या बाईचा मूर्खपणा नावासकट छापून आला होता.

मी तडक हत्यारवाल्याला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या टिपा उत्तमच असतात हो. पण तुमचं कधी काही बिघडतच नाही. मला दुसऱ्याचं बिघडलेलं वाचायला बरं वाटतं, गिऱ्हाइकांनाही वाटतं." मी फोन ठेवला. माझं किती बिघडलं होतं, हे माझं मला माहीत. माळ्यावरचं खोकं तुटक्या कॉइलींनी भरलेलं होतं. पण ते कुणाला दाखवायची माझी छाती नव्हती.

आक्कांनी ती चिठ्ठी जपली असेल म्हणता? पुढच्या वेळी गेलो तर तिच्यावर भजी ठेवून त्यांनी माझ्यापुढे केली. तेलाने त्यांचं नाव पारदर्शक झालं होतं. मी भजी खाल्ली. काय करणार, गरम होती.

गेल्या वर्षी त्यांनी धंदा सोडला. असा सोडला, जशी पायातली चप्पल काढावी. लेक हिवरे बाजारच्या बाजूला दिलेली, घरात म्हशी, जावई दुधाची गाडी चालवतो आणि लेकीला एकटीला आवरेना. आक्कांनी मोटरींचं दुकान पुतण्याला दिलं आणि ते शिलाई मशीनचं चाक पिशवीत घालून माझ्या दुकानात आणून ठेवलं. "घे. आता तुझं तू भर."

"आक्का, एवढा हात आहे तुमचा. असं कसं सोडता?" मी विचारलं.

"म्हशीला पन हात लागतो, दानूभाऊ. कंटाळा आला बघ मोटरींचा." आणि गेल्या. मी त्या चाकाकडे बघत बसलो. ज्यासाठी मी अर्धं आयुष्य घासलं, ते या बाईला सहज आलं आणि सहज सोडताही आलं. येण्याचा हेवा मला जुना होता. सोडण्याचा हेवा नवीन झाला.

त्यांच्या चाकावर माझी तार कमी तुटायला लागली. का, ते विचारू नका. मी रस्त्याकडे बघायला शिकलो, एवढं खरं. पुन्हा मुकी झालेली ती दुसरी गिटार मास्तरांनी नाइलाजाने माझ्याकडे आणली, पारनेर बंद झालं होतं ना. मी तिच्यासाठी जोडीच्या दोन कॉइल भरल्या. टीप अशी की एक सुलट भरायची, एक उलट, आणि उलट भरलेलीचं लोहचुंबकही उलटं बसवायचं. म्हणजे दोन्ही एकत्र लावल्या की विजेची घरघर मरते आणि आवाज राहतो. मी तार उलट भरली आणि चुंबक उलटं करायचं विसरलो. मग झालं भलतंच. भर रविवारी, भरल्या चर्चमध्ये, मास्तरांनी दोन्ही एकत्र लावल्या आणि गिटारने मच्छरासारखा आवाज काढला. मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली. घरघर मेली होती खरी, पण तिच्याबरोबर आवाजही.

चुंबक फिरवून मी दोष काढला. आणि त्याच संध्याकाळी हत्यारवाल्याला सगळं कळवलं, मच्छरासकट, पोरांच्या हसण्यासकट. पुढच्या पार्सलमध्ये चिठ्ठी आली. पिवळ्या कागदावर माझं नाव, गाव नगर.

दुकान बंद केलं, मोटारसायकल काढली आणि थेट आक्कांच्या लेकीचं घर गाठलं. खरं सांगू? मला त्यांना जळवायचं होतं. एकदाच, थोडंसं.

आक्का गोठ्यात धार काढत होत्या. चिठ्ठी लांब धरून त्यांनी मोठ्याने वाचली. मच्छरापाशी आल्यावर इतक्या हसल्या की म्हैस बिथरली. लेकीला बोलावलं, जावयाला बोलावलं, दूध घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्यालाही वाचून दाखवलं. "माजा भाऊ हाय. छापून आलंय त्याचं." मग चिठ्ठी गोठ्यातल्या बटणाच्या बोर्डाला खोचली, भजी ठेवायला घेतली नाही. जळणं कसलं, बाई दिवाळी असल्यासारखी फुलली होती. माझी सगळी खेप फुकट गेली.

चहा झाला. सगळे पांगले. आक्कांनी भरल्या चरवीवर झाकण ठेवलं. मग माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. अंगठा आणि बोट एकमेकांवर हळूहळू घासत होते. मधून तार जात असावी तसे.

"मंग चुंबक फिरवल्यावर वाजली का?" त्यांनी विचारलं.

"वाजली."

"लई बरी?"

"बरी वाजते."

बोटं थांबली. माझ्याकडे न बघता, म्हशीकडे बघत, आक्का म्हणाल्या, "माज्या कॉइलीपरीस बरी?"

आवाज मी ओळखला. तो माझाच होता. इतकी वर्षं माझ्या छातीत वाजलेला. याचसाठी तर मी आलो होतो. आता फक्त हो म्हणायचं होतं. पण आमच्या चर्चमध्ये दर रविवारी दोन्ही गिटारी वाजतात, एक त्यांची, एक माझी, आणि मला कान आहेत.

"नाही, आक्का," मी म्हणालो. "तुमच्यासारखी नाही."

आक्का हसल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांना वाटलं, मी त्यांचं मन राखतोय. मन राखायला बोललो असतो, तर किती बरं झालं असतं.