तेल तापेपर्यंत

मोटारगाड्यांचं कौतुक मला सहन होत नाही. कुणी जुन्या परदेशी गाडीचा फोटो दाखवायला लागलं की मी चहा टाकायच्या निमित्तानं उठून आत जाते. लोकांना वाटतं, बाईला त्यातलं कळत नाही. मला फार कळतं. गार तेल म्हणजे काय, हे मला एका सकाळीत जेवढं कळलं तेवढं गाडीवाल्यांना जन्मात कळत नसेल.

एकोणीसशे सत्तरनंतरच्या एका डिसेंबरातली गोष्ट. मी मॅट्रिक होऊन मोडनिंबात घरी बसले होते आणि सोलापूरच्या एका दवाखान्यातून नर्सच्या शिक्षणासाठी मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. वडिलांनी एकदाच काय ते सांगून टाकलं, "घेतलं तर जा. न्हाय घेतलं तर माघात उरकून टाकू." उरकायचं ते माझं लग्न, माढ्याकडच्या एका बिजवराशी. त्याचा थोरला पोरगा माझ्या खांद्याला लागत होता. त्या घरात जायचं या विचारानं माझं अन्न तुटलं होतं. आई ताट पुढं सरकवायची आणि मी ते तसंच मागं सरकवायचे.

मुलाखत सकाळी नऊला होती आणि पहिल्या एसटीनं जायचं ठरलं होतं. पण आदल्या संध्याकाळी मामा आले आणि सगळं फिसकटलं.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. बरीच वर्षं त्यांनी ट्रक चालवला आणि मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराकडं ड्रायव्हर म्हणून लागले. या मालकांना गाड्यांचं वेड. त्यांनी कुठून तरी एक परदेशी, शर्यतीत पळणारी गाडी पैदा केली होती. तिचं इंजिन पुण्यात नव्यानं बांधून घेतलं होतं आणि मामा ती सोलापूरला परत नेत होते. वाटेत बहिणीकडं मुक्काम. गाडी पिवळी, बसकी, दोनच माणसांची. इंजिन मागच्या बाजूला, आणि त्यात पाणी म्हणून नाहीच. ते वाऱ्यावर आणि तेलावर गार राहायचं. पाण्यावाचून चालणारं इंजिन बघायला अर्धं गाव आमच्या दारात लोटलं.

"यष्टीत कशाला चेंगरतीय पोरगी? मी पाऊण तासात सोलापूर दावतो की," मामा म्हणाले. वडील खूश झाले, मीही हुरळले. सकाळची पहिली एसटी धूळ उडवत गेली, ती मी दारातून मजेत बघितली.

मग मामांनी गाडी चालू केली आणि चालू करून तशीच उभी ठेवली. समोर एक घड्याळासारखी तबकडी होती, तेलाची उष्णता दाखवणारी. पुण्याच्या फिटरनं मामांना बजावलं होतं की काटा पहिल्या खुणेवर आल्याशिवाय गाडी पळवायची नाही. गार तेल काकवीसारखं जाड असतं, ते वरपर्यंत पोचत नाही आणि कोरडं इंजिन घासून जातं. मालकांनी वेगळं बजावलं होतं, "इंजिनाला काय झालं तर तोंड दाखवू नको." पुण्याहून निघताना फिटरनंच तेल तापवून दिलं होतं, इथं काटा हलेना. ट्रक कसा उभ्या उभ्या तापतो, तशी ही तापेल म्हणून मामा हात चोळत उभे. अंगणात ऊन आलं तरी ते उभेच.

"मामा, नऊला हाय ओ."

"व्हय गं, तापू दे की जरा."

शेवटी निघालो, पण सायकलवाल्याला लाज वाटेल अशा चालीनं. शेटफळच्या अलीकडं दुसरी एसटी भोंगा वाजवत आमच्या पुढं गेली. मी काचेतून हात केला, पण असल्या गाडीत बसलेल्या पोरीला एसटीवाला कशाला विचारतो? त्यानंही मजेत हात हलवला. मग उसाचा ट्रक पुढं गेला. जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान गाडी, आणि मी तिच्यात रडत बसले होते. सोलापूरच्या उन्हाळ्याला घाबरून मालकांनी गाडीच्या नाकात तेल गार करायची वेगळी जाळी बसवून घेतली होती. थंडीचा वारा थेट तिच्यावर, आणि आमची चाल अशी गोगलगाईची. तेल तापणार कसं? पळवल्याशिवाय तापत नव्हतं आणि तापल्याशिवाय मामा पळवत नव्हते.

मोहोळला मी म्हणाले, "मला हितं उतरवा, मी यष्टीनं जाते." मामांचा चेहरा एवढासा झाला. "थांब. एक करतो," म्हणाले. थंडीत ट्रकवाले इंजिनाच्या तोंडावर गोणपाट बांधतात. मामांनी चहाच्या टपरीवरून गोणपाट मागून आणलं. ट्रकचं इंजिन पुढं, म्हणून गोणपाट पुढं. हिचं मागं, म्हणून मामांनी ते मागच्या झाकणाच्या जाळीवर गच्च बांधलं. वारा घेऊन जगणाऱ्या इंजिनाचंच नाक आपण बांधतोय, हे त्यांना सुचलं नाही आणि मला कुठून सुचणार?

काटा हलला. पहिल्या खुणेवर आला तेव्हा आम्ही दोघं ओरडलो. मामांनी गाडी अशी सोडली की झाडं मागं पळायला लागली. मला वाटलं, देव पावला.

काटा थांबलाच नाही. सावळेश्वरच्या पुढं तो तांबड्यात शिरला आणि जळक्याचा वास आला. मामांनी गाडी कडेला घेतली, उतरून गोणपाट उपटून फेकून दिलं आणि हात पोळला म्हणून झटकत उभे राहिले. "आता गार होऊ द्यावं लागतंय," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मगाशी गार म्हणून थांबला, आता तापलं म्हणून थांबताय! तुमचं तेल संबाळा तुमी! त्या बिजवराच्या घरी भाकरी थापायला मीच जाणार हाय, तुमचे मालक न्हाय जायचे!" असलं बोलणं मी थोरल्या माणसाशी कधी बोलले नव्हते. मग रस्त्याच्या कडेला बसून मी हंबरडा फोडला.

 मामांनी मला दंडाला धरून उठवलं, गाडीत बसवलं आणि चावी फिरवली. त्यानंतर त्यांनी त्या तबकडीकडं एकदाही बघितलं नाही. मी बघत होते. काटा तांबड्याच्या पार टोकाला टेकला होता. सोलापूरच्या वेशीवरच्या बाळे गावाजवळ मागून खडखड सुरू झाली, लोखंडावर लोखंड आपटावं तशी. आता मलाच भीती वाटायला लागली. "मामा, थांबा. गाडी जाईल ओ. मालक काढून टाकतील तुमाला."

"जाऊ दे," मामा म्हणाले.

दवाखान्याच्या फाटकात इंजिन एकदाच धाडकन वाजलं आणि बंद पडलं. मी मागं न बघता पळाले.

नऊ कधीच वाजून गेले होते, पण मुलाखती चालू होत्या. माझं नाव अजून पुकारलं नव्हतं. आम्ही वेळेत पोचलो होतो! आत तीन माणसं आणि मुख्य नर्सबाई होत्या. त्यांनी मला वजनाच्या काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि माझं मनगट दोन बोटांत धरलं. "अंगात काही नाही गं तुझ्या. रात्रपाळी कशी करशील? यंदा नाही जमायचं. खाऊन-पिऊन पुढच्या वर्षी ये." मी हातापाया पडले. बाई वाईट नव्हत्या, त्यांनी पाणी दिलं. मग पुढच्या मुलीला आत बोलावलं.

बाहेर गाडीखाली काळं तेल पसरलं होतं. मामा शेजारी फरशीवर बसले होते, हात कोपरापर्यंत काळे. मला बघून धडपडत उठले.

"काय झालं गं? घेतलं का?"

खरं त्यांना आज ना उद्या कळणारच होतं. मोडनिंबात काही लपत नाही, आणि माघ काही लांब नव्हता. पण मी त्या गाडीकडं बघितलं, त्यांच्या पोळलेल्या हाताकडं बघितलं, आणि माझ्यानं नाही म्हणवेना.

"व्हय," मी म्हणाले. "घेतलं."

"मग काय न्हाय," मामा म्हणाले. "मग गेली तर गेली." त्यांनी धोतराला हात पुसला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि मालकांना फोन करायला ते रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेले. जाताना ते हसत होते.