दोन वाट्या

दत्तमहाराजांवर माझी श्रद्धा आहे असं मी चारचौघांत नेहमी सांगत आलो, पण मागच्या वर्षी त्यांच्याच नावानं मी पोटच्या पोराला फसवत होतो. कृपा कशी झाली ते सांगायचं, तर आधी हे पाप सांगावं लागेल.

माझा मुलगा एकतीस वर्षांचा आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला त्याला कोणी नसताना आवाज ऐकू यायला लागले, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटायला लागलं. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया आहे, गोळी रोज लागेल, असं सांगितलं. माझी बायको होती तोवर तो तिच्या हातून निमूट गोळी घ्यायचा. ती कशी द्यायची, मी कधी नीट पाहिलंसुद्धा नाही. घरचा हातमाग विकल्यापासून मी इतवारीत एका दुकानात साड्यांच्या घड्या घालतो. दमून यायचो, जेवायचो, बाकी सगळं तिच्यावर सोडून मोकळा. ती गेली आणि गोळी बंद झाली. मी रागावलो, हातापाया पडलो, एकदा तर त्याचा जबडा धरला. त्या दिवसाची लाज अजून जात नाही.

एका गोष्टीला मात्र तो कधी नाही म्हणत नसे, ती म्हणजे प्रसाद. बायको दर गुरुवारी शिऱ्याचा नैवेद्य दाखवायची. मी रोज दाखवायला लागलो. शेजारणीला वाटलं, भाऊ फारच देवाधर्माला लागले. मी देव्हाऱ्यापुढे साधा शिरा ठेवायचो, पाणी फिरवायचो, डोळे मिटायचो आणि मग स्वयंपाकघरात जाऊन खलात कुटलेली गोळी त्याच्या वाटीत कालवायचो. माझी वाटी वेगळी असायची. डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, काका, लपवून देऊ नका, एक दिवस त्याला कळेल. मी मान हलवली आणि घरी येऊन तेच केलं. पोरगा शांत झोपत होता, मला तेवढंच पुरे होतं.

एका सकाळी त्यानं आपली वाटी माझ्यापुढे सरकवली. "बाबा, आज तुमी माह्या वाटीतलं खा."

दोन घास खाल्ले असते तर गुंगी आली असती, दुकानात चार घड्या चुकल्या असत्या, याहून काय होणार होतं? पण माझा हात उचललाच गेला नाही. तो माझ्या हाताकडे बघत राहिला.

"देवाच्या नावानं काहून केलं, बाबा?" एवढं बोलून तो उठला.

त्यानंतर त्यानं घरातलं अन्न सोडलं. सालीची केळी, बंद पुड्यातली बिस्किटं, स्वतः फोडलेला नारळ, एवढंच खायचा. गळ्याची हाडं दिसायला लागली. आवाज परत आले, आणि आता त्यांत माझंही नाव होतं. दाराला पाठ लावून बसल्या बसल्या तो मला विचारायचा, विष द्यायला कोणी सांगितलं? एका दुपारी मनात आलं, आपण दोघंही नसलो तर बरं. हे लिहिताना हात जड होतोय, पण आलं होतं. देव्हाऱ्यातला दिवा मी बंद केला. कोणत्या तोंडानं लावणार होतो?

एका गुरुवारी सकाळी तो गल्लीतल्या दत्ताच्या देवळात केळं मिळेल म्हणून निघाला. मी लांबून मागे गेलो आणि पायरीवर बसलो. आत एक अनोळखी बाई होती, पन्नाशीची, हातात कापडी पिशवी. तिनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, दत्ताच्या पायांशी टेकवलं, एक गोळी फोडली आणि सगळ्यांदेखत पाण्याबरोबर घेतली. माझा मुलगा टक लावून बघत होता.

"काय पाहून राहिला गा? मनाची गोळी आहे. बारा वर्षं झाले घेऊन राहिली मी."

"तुमाले कोनी लपवून देली का कधी?" त्यानं विचारलं. कित्येक दिवसांत तो परक्या माणसाशी बोलला नव्हता.

"देली ना. सासूनं, चहातून. मंग मी तिच्या हातचं पानी बी सोडलं होतं."

"मंग?"

"मंग तिनं पाकीटच माह्या हातात देलं. म्हणे, तुई तू घे. नाही घेतली तरी जेवाले ये."

मौद्याची बस पकडायची आहे म्हणून ती लगबगीनं निघून गेली. आम्ही कोण, आमच्या घरात काय चाललंय, तिला काही ठाऊक नव्हतं. मी उठून तिला नाव विचारायला हवं होतं. मी पायरीवरच बसून राहिलो. नंतर कित्येक गुरुवार वाट पाहिली, ती पुन्हा दिसली नाही.

त्या संध्याकाळी मी दिवा लावला. शिरा त्याच्यासमोर केला, एका पातेल्यातून दोन वाट्या भरल्या, गोळ्यांचं पाकीट उघड्यावर देव्हाऱ्यात ठेवलं. त्याच्या वाटीतले दोन घास आधी मी खाल्ले आणि म्हणालो, "माह्यं चुकलं बाबू. गोळी तुई तू घे. नाही घेतली तरी जेव." त्यानं पाकिटाला हात लावला नाही. शिरा मात्र खाल्ला. मला रडू आवरलं नाही.

चौथ्या दिवशी पाकिटातली एक गोळी कमी झाली. त्यानं गिळली की मोरीत टाकली, मला माहीत नाही. मोरीची जाळी उचलून बघायला मी दोनदा गेलो आणि दोनदा परत फिरलो. आयुष्यात देवावर काही सोपवलं असेल तर ती जाळी. तो बरा झालेला नाही. काही दिवस गोळी तशीच राहते, आवाज येतात, मी पुन्हा खचतो. माझ्या म्हातारपणी याचं कोण बघेल, हा प्रश्न रोज आहे. पण दत्तमहाराज, त्या सकाळी तुम्ही मला रागावला नाहीत, कोणाला तरी पाठवलंत, हे मी विसरणार नाही.

आजही जेवायला बसलं की तो वाटी माझ्याकडे सरकवतो आणि मी आधी खातो. कालच्या गुरुवारी शिरा थोडा करपला होता. मी सवयीनं हात पुढे केला, तर तो म्हणाला, "राहू द्या बाबा, थंडा होते," आणि खायला लागला.